शेजाऱ्याच्या बैलाचा विसार

१५ फेब्रुवारी २००४, रविवार, दुपार. रक्कम एकशे एक रुपये, विसार म्हणून, रोख. हजर: विकणारे माझे आजोबा, घेणारा खर्डीकडचा एक शेतकरी, आणि ज्याचा सौदा झाला तो बैल. बैल आमचा नव्हता. शेजाऱ्याचा होता.

मी घरी नव्हतो. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो आणि त्या रविवारी मालाची मोजणी होती. माझी बायको नदीवर कपडे घेऊन गेली होती. आई मागच्या पडवीत तांदूळ पाखडत होती. तिने ओटीवरचं बोलणं ऐकलं होतं. दात बघून घे, चालवून बघ, हात दे, असं सगळं. पण तिला त्यात काही नवल वाटलं नाही, कारण हे बोलणं आमच्या ओटीवर रोजच चालायचं. फरक एवढाच होता की इतर दिवशी समोर गिऱ्हाईक नसायचं.

आजोबा चाळीसेक वर्षं जनावरांच्या बाजारात दलाल होते. मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा तर त्यांचीच, पण शहापूर, मुरबाड, पार घाटावरचे बाजारही त्यांनी केले. तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. दलाल उपरणं टाकायचा, त्याखाली घेणाऱ्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. आजूबाजूला वीस माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहायचा. एकदा आकडा पटला, हात सुटला आणि विसार दिला, की सौदा पक्का. विकणाऱ्याने मोडला तर विसार दुप्पट परत. घेणाऱ्याने मोडला तर विसार बुडाला. आजोबांनी घडवलेला सौदा मोडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

२००० सालापासून त्यांची आठवण जायला लागली. ती एकदम गेली नाही. आधी माणसं गेली, मग वर्षं गेली, पण बाजार राहिला. माझे वडील, म्हणजे त्यांचा मुलगा, वारल्याचं ते विसरले, पण कुठल्या बैलाला कुठे भोवरा होता ते सांगायचे. घरात आणि गावात सगळे त्यांना बाबाच म्हणत. त्यांच्या लेखी मात्र आमचं घर म्हणजे जत्रेतली राहुटी होती. आई ही राहुटीची मालकीण. माझी बायको ही जेवणाची खानावळ चालवणारी बाई. रोज जेवून हात धुतले की ते तिला म्हणायचे, "लिहून ठेव गो. बाजार उठला का देतो."

पहिल्यांदा ती रडवेली झाली होती. नंतर सरावली. "बाबा, उधारी लय झाली तुमची. आता वाढणार नाय मी," असं म्हणून ती त्यांना आणखी एक भाकरी वाढायची.

मी कामावरून परतायचो तेव्हा अंगात पँट-शर्ट, खिशाला पेन, खांद्याला पिशवी. त्यावरून मी बाजाराची पावती फाडणारा कारकून ठरलो होतो. जत्रेत प्रत्येक जनावरामागे पावती लागायची आणि ती चुकवणं हा दलालांचा जुना नाद. मला पाहिलं की ते नजर दुसरीकडे वळवायचे. फारच जवळ गेलो तर सांगायचे, "दोनच जनावरं हायत. बाकी माझी नाय." चार वर्षं मी घरी असाच येत होतो.

आईचं माहेर शहापूरचं. तिच्या भावाच्या ओळखीने २००१ मध्ये आम्ही त्यांना तिथल्या एका डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर शांत, तरुण होते. त्यांनी शंभरातून सात वजा करायला सांगितले. आजोबांनी विचारलं, कशाचे, बैलाचे का म्हशीचे? डॉक्टर म्हणाले, नुसतेच. नुसता हिशोब कोण करतो, असं आजोबांनी माझ्याकडे बघून विचारलं आणि मग त्र्याण्णव सांगितलं. पुढे डॉक्टरांनी हाताची ताकद बघायला आपली दोन बोटं पुढे केली आणि दाबा म्हणाले. आजोबांनी आधी इकडे तिकडे पाहिलं, खांद्यावरचं उपरणं काढून डॉक्टरांच्या हातावर टाकलं आणि मग दाबली. बराच वेळ दाबत होते. शेवटी हात काढून घेतला आणि आईच्या भावाला हळूच म्हणाले, "पार्टी दोनाच्या वर येत नाय. उठा."

डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला. बरा होणार नाही, वाढत जाईल, त्यांना एखाद्या गोष्टीत रमलेलं ठेवा, म्हणाले. परतताना गाडीत आई आधी पदराआड हसली आणि मग खिडकीकडे तोंड करून बसली.

ते रमायचे ती जागा म्हणजे ओटी. आमचं घर मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे, समोर एसटी थांबते. सकाळी धोतर नेसून, फेटा बांधून ते ओटीच्या कोपऱ्यात बसले की दिवेलागणीपर्यंत घरात शांतता. पोस्टमनची सायकल त्यांनी किती वेळा विकली असेल सांगता येत नाही. पोस्टमनही बिचारा उपरण्याखाली हात द्यायचा, मान हलवून परवडत नाही म्हणायचा आणि पुढे जायचा.

ओटी सोडून त्यांना आत ठेवण्याचा प्रयत्न आम्ही एका पावसाळ्यात केला होता. ते निसरड्यावरून रस्त्यावर जातील ही भीती होती. दार लावलं तेव्हा ते दाराशी जाऊन बसले आणि कुणीतरी आपल्याला कोंडवाड्यात घातलंय असं ओरडून सांगू लागले. कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं बांधून ठेवायची जागा; मालकाने दंड भरला की जनावर सुटतं. "माझ्या मालकाला निरोप द्या. दंड भरल तो," असं ते दोन दिवस सांगत होते. त्या दोन दिवसांत जेवले नाहीत. कोंडवाड्यातल्या जनावराने खाल्लेली वैरण मालकाच्या दंडात चढते, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं. तिसऱ्या दिवशी बायकोने दार उघडलं.

म्हणून पुढचं जे सांगतो, त्यात प्रश्न बैलाचा कमी आणि ओटीचा जास्त होता.

शेजाऱ्याच्या गोठ्याची भिंत पावसात पडली होती आणि ती नव्याने बांधून होईपर्यंत त्याने आपली जोडी आमच्या अंगणातल्या चिंचेखाली बांधली होती. आजोबांना तर समोर भरलेला बाजार मिळाला. त्या रविवारी खर्डीकडचा तो शेतकरी एसटीतून उतरला. त्याच्या जोडीतला एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून, मेला होता. जत्रेत मनासारखा मिळाला नाही, तेव्हा वडिलांकडून ऐकलेल्या जुन्या दलालाची चौकशी करत तो आमच्या गावात आला. ओटीवर फेटेवाला म्हातारा, अंगणात बैल. त्याने विचारलं आणि आजोबांनी उपरणं टाकलं.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा बायको हसत म्हणाली, "आज बाबांनी उधारी फेडली. रोख." शंभराची नोट आणि एक रुपया तिने फळीवर ठेवला होता. तिला वाटलं, मीच सकाळी त्यांच्या हातात दिले असतील. मी दिले नव्हते. आईही नाही म्हणाली. आणि मग तिला दुपारचं बोलणं आठवलं. एकशे एकचा आकडा ऐकताच तिच्या ध्यानात आलं. वरचा रुपया कोणी उगाच देत नाही. तो विसार होता.

आजोबांना विचारलं. त्यांनी मला उत्तर दिलं नाही. पावतीवाल्याला कोण सांगेल? बायकोने विचारल्यावर सगळं नीट सांगितलं. बैल डावा, भाव सात हजार चारशे, पार्टी खर्डीची, येत्या रविवारी घेऊन जाणार. पार्टीचं नाव? ते विचारायचं कारण नव्हतं म्हणाले, हात दिला होता ना.

मी तसाच शेजाऱ्याकडे गेलो. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, मी त्याला काका म्हणतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी विचारलं, "कितीला?"

मी आकडा सांगितला. आपण स्वतः विकला असता तर सात हजाराच्या वर गेला नसता, असं तो भिंतीकडे बघत म्हणाला. मग भानावर आला आणि चिडला. जोडीतला एक गेला तर दुसऱ्याचं काय करू, त्याच्याबरोबर मी जुंपून घेऊ का, असं म्हणाला. आज बैल विकला, उद्या माझं शेत विकेल. "म्हाताऱ्याला आत ठेवा, नायतर दावं लावून बसवा. आता वस्तीतलं काय काय विकू द्यायचं आमी?"

दाव्याचा शब्द आईला लागला. पण घरी येऊन ती म्हणाली तेही त्याच अर्थाचं होतं. ती थकली होती. दिवसभर एक कान ओटीकडे ठेवून तिने चार वर्षं काढली होती. बाहेरून कडी लाव, ती म्हणाली. बायको म्हणाली, जेवणार नाहीत ते. आई म्हणाली, दोन दिवस नाही जेवणार, मग जेवतील. त्या रात्री बायकोने भांडी जरा जोरात घासली.

सोमवारी मी मुरबाडच्या हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी कडी आणली. चाळीस रुपये, स्क्रू धरून. ती पिशवीतच राहिली. रविवारी त्या माणसाचं काय होतं ते बघू आणि मग लावू, असं मी आईला सांगितलं. आजोबांचा आठवडा मात्र चांगला गेला. इतक्या वर्षांनी एक सौदा झाला होता. ते रोज उठून त्या डाव्या बैलाला पेंढा घालायचे आणि उजव्याला घालायचे नाहीत. काका येऊन उजव्याला घालायचा आणि त्यांच्याकडे बघायचाही नाही.

रविवारी तो शेतकरी दहाच्या एसटीने आला. जनावर देताना मालक आपलं दावं देत नाही, म्हणून त्याने नवं दावं आणलं होतं, नारळ आणला होता आणि उरलेले पैसे बनियनच्या आतल्या खिशात होते. बैलाला नेणारा टेम्पो मागून शहापूरहून येणार होता. मी त्याला पाणी दिलं, अंगणातच थांबवलं आणि सरळ सांगितलं: बैल आमचा नाही, आजोबांचं डोकं ठिकाणावर नाही, विसार दुप्पट तयार आहे, शिवाय टेम्पोचं भाडं देतो.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "भाव जास्त आला असंल तर तसं बोला. म्हाताऱ्यावर कशाला घालता?"

मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा तेच म्हणाला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आधीच्या रविवारी आजोबांनी त्याला बैलाचे दात दाखवले होते, खांदा दाखवला होता आणि मागचा डावा पाय जरा ओढतो हेही आपणहून दाखवलं होतं. एवढं सांगणारा माणूस वेडा कसा? बाजारात सौदा मोडायला लोक काय काय कारणं देतात ते त्याला माहीत होतं. म्हातारा चळला हे त्यांतलंच एक. काकाही येऊन उभा राहिला आणि बैल आपला आहे म्हणाला, तर तो शेतकरी म्हणाला की आता तुम्ही दोघं मिळालेले आहात. चारपाच माणसं जमली. आवाज वाढला.

आजोबा ओटीवर बसून हे बघत होते. गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोलतंय म्हणजे बाजार तेजीत आहे, असा त्यांचा चेहरा होता.

तेव्हा आई दारातून म्हणाली, "त्यांनाच विचार ना, तू कोण ते."

मला ते नको होतं. चार माणसांत त्यांची परीक्षा घ्यायची आणि ते चुकले की बघा म्हणायचं. पण दुसरं काही सुचेना. मी ओटीपाशी गेलो आणि विचारलं, "बाबा, मी कोण?"

त्यांनी माझ्याकडे, खिशाच्या पेनाकडे पाहिलं. मग मला ओलांडून त्या शेतकऱ्याला म्हणाले, "पावतीवाला हाय. ह्याला दोन रुपये दे आन् वाटंला लाव. नायतर डोकं खात बसंल."

आधी काका हसला. तो आठवडाभर आमच्याशी बोलला नव्हता, त्यामुळे बहुधा त्याला ते आवरलं नाही. मग बायको, मग जमलेले सगळे. मीही हसलो. शेतकरीही हसला, पण हसता हसता त्याने माझ्याकडे पाहिलं आणि थांबला.

"नातू का तुमी?" त्याने हळू विचारलं.

मी हो म्हणालो.

त्याने दावं खाली ठेवलं. ओटीची पायरी चढून तो आजोबांच्या शेजारी बसला, त्यांच्या खांद्यावरचं उपरणं स्वतः काढलं आणि त्यांच्या हातावर टाकून खाली आपला हात दिला. उपरण्याखाली काय झालं ते आम्हाला दिसलं नाही, पण बराच वेळ चाललं. मग तो म्हणाला, "बाबा, मालकाचं मन नाय. जोडी फुटते त्याची."

"मालक कोण?" आजोबांनी विचारलं.

त्याने काकाकडे बोट केलं. आजोबांनी काकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आयुष्यभर शेजारी राहिलेला माणूस त्यांना आठवला की नाही, कळलं नाही. पण जोडी फुटते हे त्यांना पटलं. त्यांनी हात सोडला. विसार दुप्पट द्यायला लावला. शेतकरी नको म्हणत होता, आपले एकशे एक मिळाले तरी पुरे म्हणत होता, तर त्याच्यावर रागावले. "घे. माझ्या हातावर बोल नको."

मी आत जाऊन पैसे आणले आणि त्याच्या हातात दिले. तो चहा प्यायला. मागून टेम्पो आला, त्याचं भाडं मी देत होतो, ते मात्र त्याने मला देऊ दिलं नाही. वैशाखऱ्याला कुणाकडे तरी एक बैल आहे असं काकाने त्याला सांगितलं होतं, तिकडे आधी जातो म्हणाला. निघताना आजोबांच्या पाया पडला. आजोबांनी त्याला म्हशाच्या जत्रेला ये म्हणून सांगितलं.

माणसं पांगल्यावर काका चिंचेखाली गेला आणि दोन्ही बैलांची दावी सोडू लागला. भिंत अजून कमरेएवढीच झाली होती. मी म्हणालो, राहू दे की काका, दाराला बाहेरून लावायला कडी आणलीये मी, आम्ही बघतो. त्याने मला विचारलं कडी कशाला. मी सांगितलं. तो बैलांना घेऊन चालू लागला आणि जाता जाता म्हणाला, "बैल हलवता येतो रे. मानसाला कशाला कोंडायचं?"

आईने ते ऐकलं. कडीचा विषय तिने पुन्हा काढला नाही. ती कडी पुढे कोंबड्यांच्या खुराड्याला लावली, अजून आहे. आजोबा त्यानंतर अडीच वर्षं ओटीवर बसले, शेवटच्या आठवड्यापर्यंत. काका रोज संध्याकाळी कामावरून येताना थांबायचा आणि उपरण्याखाली हात द्यायचा. चिंच रिकामी झाल्याचं आजोबांना पहिले काही दिवस खटकलं. बाजार मंद आहे म्हणायचे.

त्या रविवारी सगळं आटोपल्यावर त्यांनी दलाली मागितली. सौदा मोडला तरी आपला दिवस गेला, असं त्यांचं म्हणणं होतं आणि मोडणारी बाजू ते आमची समजत होते. तेव्हा झालेला खर्च असा. खर्डीच्या शेतकऱ्याला दोनशे दोन रुपये. त्यांतले एकशे एक त्याचेच होते. कडीचे चाळीस. आजोबांना दलाली एकावन्न, ती मी दिली. त्यांतले पन्नास त्यांनी लगेच माझ्या बायकोला खानावळीच्या उधारीपोटी दिले आणि बाकी किती राहिली ते विचारलं. ती म्हणाली, पुष्कळ. उरलेला एक रुपया त्यांनी मला दिला, पावतीवाल्याला. पावती दोन रुपयांची असते, पण जनावर विकलं गेलं नाही म्हणून अर्धी.